थंड इंजिन

सुलो, ज्याचं मासळीचं दुकान पूमालाच्या पुलाखाली आहे,
म्हणाला होता:
बोटांनी बोट वाजव, बाई.
पेरं मुडपून, बुडापासून वर, वीत-वीत सरकत.
टणक बोलली तर पुढे जा.
ओल्या पुठ्ठ्यासारखी बोलली तर थांब,
आणि मालकाच्या तोंडाकडे बघ. बोटीकडे नको.

मी बावन्न वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात
तीनशे मुलांचं सूप ढवळते.
आजवर दुसऱ्यांच्या बोटीत मागे बसून,
पाय आखडून, डबा मांडीवर घेऊन गेले.
बेटावरची खोली माझी आहे.
यंदा तिथे सोडणारं कुणी नाही.

तैस्तोच्या शेडबाहेर, सैमा तळ्याच्या काठाला
अजून बर्फाची काळपट किनार.
बोट ट्रेलरवर. पाच मीटर. पांढरी म्हणायची
म्हणून पांढरी.
वाकले. वाजवलं. टण. टण. टण.
मागच्या फळीशी, जिथे इंजिन लटकतं,
आवाज जरा पोटातल्या पोटात गेला.
स्क्रूंभोवती तपकिरी ओघळ.
पंख्याची एक पाकळी वहीचं पान दुमडावं तशी.
खालचा स्क्रू सोडून तेलाचा थेंब बोटावर घेतला
(दुधाळ नको, सुलो म्हणाला होता,
चहा झाला असेल तर तशीच घरी ये).
काळं होतं. चाललं.
इंजिनावरचा नंबर कागदाशी अंक-अंक जुळवला.
मधला सात मला एक वाटला,
चष्मा पुसून पुन्हा.
तैस्तो शीळ घालत होता.

मग इंजिनाच्या टोपीवर तळहात ठेवला.
सहज. आजारी मुलाचं कपाळ बघावं तसा.

गरम.

सकाळचे नऊ. शून्याखाली दोन.
वाटेवरची सगळी डबकी गोठलेली,
ट्रेलरखालचं एक तेवढं पातळ.

"सुरू करून दाखवतो," डावा हात दोरीकडे.
"दाखवा," मी म्हणाले, "निवलं की."
"निवायला दुपार होईल."
"मला सुट्टी आहे."

बसलो. पालथ्या क्रेटवर तो, ट्रेलरच्या दांड्यावर मी.
माझ्या थर्मासमधली कॉफी, त्याच्या खिशातला काळा पाव.
पहिला तास हवेपाण्यावर गेला.
दुसऱ्यात त्यानं टोपी काढली.
म्हणाला, मागची फळी बदलणार होतो, दोन हजार अकराला.
प्लायवूड आणलं. ते शेडमध्ये आहे.
म्हणाला, पाकळी कुठे लागली ते ठाऊक आहे,
त्या खडकावर आता लाल डबा बांधलाय.
"बायकोला आवडायची बोट?"
"बायकोला उलट्या व्हायच्या."
"मग विकता का?"
त्यानं उजवा हात पुढे केला, मूठ वळून दाखवली.
वळली नाही. तीन बोटं उभीच राहिली,
घाटावर कुणी न्यायला यायचं असावं तशी.
"गार इंजिन सहा ओढीत धरतं," म्हणाला,
"मला पहाटे साडेसातपासून लागले.
तुमच्यासमोर ओढत बसायचं नव्हतं."

मी पाव चावत राहिले. काय बोलणार.

साडेबाराला टोपी माझ्या हाताइतकी थंड.
बोट पाण्यात सोडली, दोरी मी धरली.
एक. दोन. तीनला काहीच नाही.
चौथ्याला तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला.
सहाव्याला खोकली, निळा धूर,
आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची बारीक, नीट धार.
खाडीला दोन वळसे. डावीकडे ओढते थोडी.
पायाखाली पाणी नाही; मी मोजा काढून पाहिलं.

फळीचे तीनशे कमी सांगितले.
तो दोनशेवर अडला, वर प्लायवूड देतो म्हणाला.
शेडमधून आम्ही दोघांनी ते बाहेर काढलं,
त्याच्या बाजूला माझाच हात जास्त.
कोळिष्टकं झटकून उन्हात उभं केलं.

तेही मी वाजवून घेतलं.