सागाचा तुकडा आणि साबणाचं पाणी

टिंबर मार्केटात, वेलजीभाईंच्या वखारीत
अब्बा करवतीवर होते.
शाळा सुटली की मी डबा न्यायला जायची,
तेव्हा ते सागाचा वीतभर तुकडा पुढं करायचे,
एका टोकाला साबणाचं पाणी चोळून:
"फुक, बिल्कू."

दुसऱ्या टोकाला ओठ लावायचे मी.
गाल दुखेपर्यंत काही नाही,
आणि मग लाकडातून बुडबुडे,
वाकड्या ओळीत,
कुणी आत बसून बांगड्या भरतंय असे.

"ह्यो भाईरचा पांढरा. पाणी ह्यातनं चढतंय.
आता ह्यो घे."
मधला, तपकिरी, हाताला तेलकट.
फुंका कितीही.
"ह्यो दार लावून बसलाय," अब्बा म्हणायचे,
"आन् लोकांची दारं ह्याचीच करायची."

आता माझ्याकडं तोच साग
केसाहून पातळ कापलेला, लाल रंगात बुडवलेला,
काचेवर असतो.
पालवीच्या दिवसांतल्या रुंद नळ्यांची रांग,
मागं बारीक, दाटीवाटीनं उभ्या.
मधल्या भागात
शेजारच्या पेशींनी नळ्यांत फुगे सोडून
वाट बुजवलेली. अब्बांचं दार.

नळी दुप्पट रुंद, तर पाणी सोळा पट.
हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून
दरवर्षी एक हात वर येतो:
मग सगळ्याच रुंद का नसतात, मॅडम?

कारण पाणी कुणी खालून ढकलत नाही.
पानं ओढतात त्याला, वरून,
विहिरीच्या दोरासारखं ताणलेलं असतं ते,
आणि रुंद नळीतला दोर बहुधा आधी तुटतो.
तुटला की तिथं हवा शिरते.
नळी गेली.
भिंतीच्या खळग्यांतले पातळ पडदे
हवेला तिथंच थोपवतात,
पाणी शेजारून जातं,
त्या चेंगट, बारीक नळ्यांतून,
ज्यांना जूनमध्ये कुणी विचारत नाही.

तुटताना आवाज होतो. टिच्.
आपल्या कानांच्या पल्ल्याबाहेरचा.

एप्रिलात युनिव्हर्सिटीच्या तळ्याकडच्या
एका जांभळाला आम्ही यंत्र बांधलं.
दुपारी दोन ते तीन:
पडद्यावर चारशे अकरा टिंबं.
त्या दिवशी अब्बा आले होते, छत्री घेऊन, उन्हाची.
चाळीस वर्षं करवतीशेजारी
त्यांचे कान केव्हाच मिटलेत.
आम्ही पडद्याकडं बघत होतो,
त्यांना वाटलं, सगळ्यांना ऐकू येतंय.
लग्नात हसतात तसं हसून त्यांनी मान डोलावली.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
कुणालाच येत नाही. मलापण नाही.

दोनदा वाचलं त्यांनी.
चष्मा काढला, खोडावर तळवा ठेवला,
जरा वेळानं म्हणाले, नेहमीसारखं मोठ्यानं,
"तोडल्यावर बी वाजत आसंल की."

वाजतं.
ओला ओंडका वाळेपर्यंत वाजत राहतो.
मी पेन शोधत राहिले, ते हातातच होतं.

रात्री आठला करवत थांबायची.
आतल्या अंधारात राधानगरीकडून आलेला ओला माल,
वर्दीचे नंबर खडूनं टाकलेला,
आणि शटर खाली ओढताना अब्बा म्हणायचे,
हां. आता कसं शांत वाटतंय.