कानातला खडा

विद्यापीठाचं पत्र होतं: बोजड शब्द नकोत,
वीस मिनिटं बोला, आलेख फार तर दोन,
आणि शेवटी लोकांना फॉर्म वाटा.
म्हणून मी बिल्दुदालुरला गेले,
मासे साफ करण्याच्या जुन्या शेडमध्ये.
चौदा खुर्च्या, एक हीटर,
पडदा म्हणून भिंतीवर चादर, इस्त्री न केलेली,
त्यामुळे माझा समुद्र
मधोमध घडी पडलेला दिसला.

माशालाही कान असतो, मी सुरुवात केली.
बाहेरून दिसत नाही, इतकंच.
आत एक खडा, पांढरा, नखाएवढा.
मासा वाढतो तसा तोही वाढतो,
उन्हाळ्यात रुंद, हिवाळ्यात चिंचोळा,
वर्षाला एक वळं.
कापा, घासा, भिंगाखाली धरा, मोजा.

थोर्लाकुर, टोपी न काढता, म्हणाला,
म्हणजे झाडासारखं.
हो, झाडासारखं.
आमच्याकडे झाडं नाहीत, तो म्हणाला.
लोक हसले. मीही हसले, जरा उशिरा.

दोनशे बारा माशांवरून अख्ख्या खाडीबद्दल बोलणं,
शितावरून भात,
याला मी नमुना निवड म्हणत होते,
तेव्हा मागून कुणी पुटपुटलं,
एवढे तर आमचे दुपारच्या कॉफीआधी संपायचे.

मग मासा क्रमांक सत्तेचाळीस.
संस्थेच्या पिवळ्या पाकिटातला,
माझ्या जन्माआधी पकडलेला.
ही पाहा वळी, मी म्हटलं, वय नऊ.

आठ.

रागनहेइदुर. याच शेडमध्ये
तीस वर्षं मुंडकी छाटलेली.
हे खडे तिच्या बुटांखाली करकरायचे,
पोरं ते खिशात भरून न्यायची, पैसे म्हणून,
खोट्या दुकानातून खोटी साखर आणायला.
पाकिटावरचं साल तिने आधीच विचारून घेतलं होतं.
मला वाटलं होतं, सौजन्य म्हणून.

काठी टेकत ती चादरीपर्यंत आली.
सगळी वळी तिच्या लोकरी पाठीवर उमटली,
तिने मागे न बघता बोट ठेवलं:
हे आणि हे, दोन हिवाळे नाहीत. एकच.
एप्रिलमध्ये बर्फ गेला, आम्ही खिडक्या उघडल्या.
मेमध्ये वारा फिरला आणि तो परत आला,
खाडीच्या तोंडापासून थेट धक्क्यापर्यंत.
तेवीस दिवस. मी मोजले,
कारण मुलगी पोटात होती
आणि डॉक्टर पलीकडच्या काठावर.
मासा उपाशी राहिला असणार.
आम्ही तरी कुठे जेवत होतो.

मुलीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
त्यासाठी माझ्याकडे स्लाइड नव्हती.
शक्य आहे, म्हटलं,
अशाला आम्ही फसवं वळं म्हणतो.

फसवं कसलं, ती म्हणाली. खरंच होतं ते.
फक्त वर्ष नव्हतं.

मग कॉफी, रुबार्बचा केक,
आणि ज्यासाठी तो आला होता तो थोर्लाकुरचा प्रश्न:
यंदा कोटा वाढणार का?
मी मासे मोजते, म्हटलं. कोटा दुसरे ठरवतात.
त्याने मान हलवली.
दुसऱ्यांना तो फार दिवसांपासून ओळखत होता.

सोमवारी प्रयोगशाळेत सत्तेचाळीसचं पाकीट काढलं,
नऊशेजारी पेन्सिलीने आठ लिहिलं, अगदी बारीक.
मग एकोणपन्नास काढला. मग बावन्न.
त्या मे महिन्यातून पोहत गेलेले
आणखी कितीजण आहेत बघता बघता
चौकीदार दिवे मालवायला आला.

फॉर्म चौदा वाटले होते, तीन परत आले.
नवीन काय समजलं, या रकान्यात
एकाने केकची कृती मागितली होती.
एक कोरा माझ्याकडे उरला,
तो अजून टेबलावर आहे.
खडे त्याच्यावरच ठेवते,
घरंगळू नयेत म्हणून.