कुल्लू अस्ली

शारजा, इंडस्ट्रियल एरिया पाच.
एकाहत्तरचं मॉडेल, बॉनेट एवढं लांब
की त्यावर बोंबील वाळत घालावेत.
‘कुल्लू अस्ली,’ खमीस म्हणाला. सगळं मूळचं.
चावी फिरवली तशी शेडमधली कबुतरं उडाली
आणि माझी सहा वर्षांची बचत
खिशातल्या खिशात थरथरली.

रात्री परकार मिस्त्री टॉर्च घेऊन वाकला.
नव्या सुनेला सासरची माणसं दाखवावीत
तसा एकेक सांगत गेला:
ही काळी डबी हवा ओढते,
हेडलाइटच्या पापण्या हिच्या जिवावर.
हा पंखा आळशी,
इंजिन तापल्याशिवाय मनावर घेत नाही.
मी माना डोलवत होतो, निम्मं कळत नव्हतं.

रेडिएटरच्या तळाशी पितळेचा कॉक.
मिस्त्री अडला. ‘हा ह्या घरातला नाय.’

मी बोट लावलं.
हर्णैला बाबांच्या लाँचवर हाच,
पाणी सोडताना चटका देणारा.

खमीस फोनवर हसला.
त्याचे वडीलही मासे धरायचे.
एका ऑगस्टात, वाटेत, होतं ते बसवलं.

मिस्त्रीनं पाना उचललाच होता.
‘राहू दे,’ म्हटलं.

त्यानं यादीत लिहिलं:
एक नग, परका.