पपया नर्सरी

आमच्या स्टॉपचं नाव पपया नर्सरी.
तिथे पपया नाही, नर्सरीही मला तरी कधी दिसली नाही.
चौक आहे, टपऱ्या आहेत, अंबडकडे वळणारे ट्रक आहेत
आणि सुरुवातीलाच दोन प,
एकाला एक खेटून,
वर्गाच्या दारात उभे राहतात तसे
वरद तिदमे आणि सोहम.

माझं नाव पुष्कर.
बारशाला कुणी विचारलं असतं
तर मी अ मागितला असता.

म्हणून कंडक्टरबाईंना मी सांगतो, "सातपूर."
स माझं ऐकतो.
सातपूरला उतरतो, उरलेलं चालतो,
दप्तरासकट अठरा मिनिटं.
पुढचं तिकीट काढून मागे यावं
तर पुढचा स्टॉप पिंपळगाव.
म्हणजे बघा.

आठवीपर्यंत हजेरीला "हजर" होतं.
ह निसटायचा कसाबसा.
यंदा खैरनार मॅडम आल्या, म्हणाल्या,
"प्रेझेंट म्हणायचं, नीट, मोठ्याने."
मी तोंड उघडेपर्यंत
त्या पुढच्या नंबरावर पोचलेल्या असतात.
सतरा दिवस मी वर्गात होतो
आणि रजिस्टरात नव्हतो.
घरी पत्र आलं: आपला पाल्य...
त्यातले प बरे. छापलेले. मुके.

मधल्या सुट्टीत वरद माझा डबा उंच धरतो.
"पपया म्हण, मग देतो."
मी अडकलो की बाकावर ताल सुरू होतो,
प-प-प, प-प-प,
मुली आधी हसत नव्हत्या.
कुणीतरी व्हिडिओ केला.
त्यात माझे डोळे घट्ट मिटलेले आहेत.
मला माहीतच नव्हतं, मी डोळे मिटतो.
त्यात शार्दूलही हसतो, माझ्याच बाकावरचा,
आणि मग खाली बघून
पेन्सिलीला टोक काढत बसतो,
टोक असलेल्या पेन्सिलीला.

सकाळी पोट दुखतं.
खोटं नाही, खरंच दुखतं.
डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली.
आई विचारते, शाळेत काही झालं का?
मी म्हणतो, "काही नाही."
काही नाही. किती सोपं जातं.
क कधीच अडवत नाही.

रात्री गच्चीवर, टाकीच्या आडोशाला
मी सगळे प म्हणून घेतो.
पाणी. पतंग. पंचवटी. पांडवलेणी. पुरे.
एकही अडत नाही.
माणूस नसला
की प कसा माणसात येतो.

शुक्रवारी एबीबीपाशी बाई माझ्यापर्यंत आल्या.
सातपूर जिभेवर तयार होतं.
का कोण जाणे, मी ओठ मिटले
आणि प सुरू केला.

अडला.
मागून कुणी म्हणालं, "सांग की रे पोरा."
बाईंनी मशीन कमरेशी टेकवलं,
दांड्याला पाठ लावली
आणि माझ्याकडे बघत राहिल्या.
शब्द पुरवला नाही.
आयटीआय गेलं. सातपूर गेलं, माझं नेहमीचं.
मी डोळे उघडे ठेवले, पाणी आलं तरी.
खिडकीतून खुद्द पपया नर्सरी
टपऱ्यांसकट निघून गेली.

पिंपळगावच्या फाट्याशी
आख्खा शब्द बाहेर पडला.
मशीनने कुरकुरत चिठ्ठी दिली.
"अरे, तुझा स्टॉप मागे राहिला."
"चालतो," मी म्हणालो.

आणि चाललो. त्या बाजूने
घर पहिल्यांदाच येत होतं,
जरा अनोळखी, उजव्या हाताला.
तिकीट भूमितीच्या वहीत ठेवलंय.
त्यावर नाव एका ओळीत मावलंय.

वरदला यातलं काही माहीत नाही.
माहीत झालं तर त्याचाही ताल धरेल.
सोमवारी हजेरी आहे.
माझा नंबर तेविसावा.
बाविसावा शार्दूल.