समास

पायसांदूच्या मैदानात, नदीकडच्या अंगाला,
पत्र्याखाली तिसऱ्या पायरीवर माझी जागा.
मांडीवर वही. लॅपटॉपही दिलाय क्लबने,
पण त्याला नदीची दमट हवा सोसत नाही.
अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून मोजतेय:
पास किती, पोचले किती,
चेंडू कुणी हिसकावला, कुणी घालवला.
सामन्यामागे थोडे पैसे मिळतात,
आणि मध्यंतरात एक एम्पानादा, बहुधा गार.

आकड्यांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.
आकडे नसते तर एल्बियो
केव्हाच लोकरीच्या गिरणीत लागला असता.
बुटका, पाय फेंगडे, धावताना हात असे
की कोंबड्या हाकतोय.
कोच म्हणाले, हा डोळ्यांना खुपतो.
मी वही पुढे केली. अठ्ठावीस सामने.
गेलेला चेंडू परत आणण्यात
दुसऱ्या नंबरचा त्याच्या निम्म्यावरही नव्हता.
कोचनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
एल्बियो आता माँतेविदेओत खेळतो,
आईला फ्रिज पाठवलाय त्याने.
कोंबड्या अजून हाकतोच.

पण मग तेचेरा.

विल्मार तेचेरा, वय छत्तीस, बचावफळीत.
टॅकल शून्य. पुढच्या रविवारी एक. मग पुन्हा शून्य.
माझ्या वहीवर विश्वास ठेवाल तर हा माणूस
नव्वद मिनिटं उभा राहून घरी जातो.
उभाच असतो तो. पण कुठे?
समोरचा मान वर करतो, पास शोधतो,
आणि जिथे द्यायचा तिथे तेचेरा,
बस थांब्यावर असावा तसा, कंबरेवर हात.
समोरचा वळतो, चेंडू मागे देतो.
न दिलेल्या पासचा रकाना
मी एकदा आखून पाहिला.
दोन सामन्यांत खोडरबर संपलं.

ऑगस्टमध्ये, एकसष्टाव्या मिनिटाला,
साधा चेंडू नाहुएलच्या पायांमधून आत गेला.
एकोणीस वर्षांचा गोलकीपर. हातमोजे थरथरत होते,
तिसऱ्या पायरीवरून दिसत होते.
तेचेरा चालत गेला. पाठ थोपटली नाही, ओरडला नाही.
बूट पुढे केला: नाडी बांध रे,
वाकलं की माझी पाठ धरते.
पोरगा गुडघ्यावर बसला. गाठ मारली,
सोडली, नीट मारली.
रेफ्रीने घड्याळ पाहिलं.
वेळ वाया घालवल्याबद्दल पिवळं कार्ड.
मी लिहिलं: तेचेरा, पिवळं, एक.
नंतर नाहुएलने दोन गोल अडवले.
ते नाहुएलच्या नावावर.

डिसेंबरात नवा संचालक आला, करारांचे कागद घेऊन.
तुमचेच आकडे ना, सेन्योरा?
माझेच. एकही चुकलेला नाही.
वेगही माझ्याच वहीत होता,
दर मोसमाला थोडा उतरणारा. तेही खरंच.
तो पानं उलटत गेला, ऑगस्टपाशी थांबला.
समासात पेन्सिलीने काहीतरी होतं.
हे काय? अक्षर लागत नाही.
नाडी, मी म्हटलं.
मग सगळं सांगितलं, पाठीसकट.
त्याने ऐकलं. खरंच ऐकलं, खोटं का बोलू.
मग पेन उघडून विचारलं,
हे कुठल्या रकान्यात घालू?

बाहेर ओरोस्मान गोलपुढची रेघ मारत होता,
अर्ध्यावर फक्की संपली
म्हणून कुणाला तरी हाका मारत होता.