पहाटे सहाची डिलिव्हरी

निरोप समारंभाच्या फोटोत आम्ही तिघं नाही.
फोटोग्राफर म्हणाला, जरा हे लाइट धरता का,
आणि आम्ही धरून उभे राहिलो, उगाच हसत,
बारावी ‘ब’च्या सगळ्या चेहऱ्यांवर उजेड पाडत.

शिबिनच्या बापाची रुवीत लाँड्री. व्हॅन तिचीच.
शिबिनचं लायसन्स तीन आठवड्यांचं.
जुवेरिया परकार पुढं, पाय डॅशबोर्डवर,
मी मागं, हँगरला लटकलेल्या चौदा दिशदाशांमध्ये
पंधरावा.

समुद्र बघू म्हणालो. जसा काही कधी बघितलाच नव्हता.
सीबच्या पुढं वाळू घट्ट वाटते. नसते.
चाक जागच्या जागी फिरत राहिलं,
माझ्या फिजिक्सच्या पेपरासारखं.
‘खाली कायतरी घाला!’ शिबिन ओरडला,
आणि मी, ज्यानं बारा वर्षांत
सायन्स की कॉमर्स एवढंही स्वतः ठरवलं नव्हतं,
हाताला आलं ते घातलं.

पांढरं. कडक इस्त्रीचं. गळ्याशी गोंडा.

गाडी निघाली.
जुवेरियानं मोबाइलच्या उजेडात चिठ्ठी वाचली:
नवरदेवाचा. सकाळी सहा.
मग ती हसायला लागली ती थांबेचना,
मला वाटलं रडतेय, आणि थोड्या वेळानं
रडतच होती.
म्हणाली, अब्बांचा व्हिसा जूनपर्यंतच.
दापोलीत मला सगळे मस्कतवाली म्हणतात रे,
आणि इथं?
शिबिननं बराच विचार केला.
‘आधी साबण,’ तो म्हणाला, ‘की आधी लिंबू?’

रात्री दोनला लाँड्रीचं शटर अर्धं वर.
टब, खळ, वाफ. तिघं अनवाणी.
मी घासत होतो. आईचे सात फोन
खिशात थरथरून गप्प झाले.
इस्त्री जुवेरियाची: जीभ दातांखाली,
गोंडा दोन बोटांत अलगद उचलून,
‘सरक रे, सावली पडते तुझी.’

डाग गेला. म्हणजे जवळजवळ.
आतल्या शिवणीपाशी टायरची नक्षी राहिली,
खारीच्या पाठीवरच्या पट्ट्यांसारखी फिकट.
‘नवरदेव आज आत कशाला बघेल,’ शिबिन म्हणाला.

सहाला नवरदेवाचे काका आले.
कापड चिमटीत धरून बघितलं, मान डोलावली,
डब्यातून गरम हलवा काढून
तिघांच्या तळहातांवर ठेवला.
विचारलं, तुम्ही इथलेच का?
लाँड्रीतले, असं त्यांना म्हणायचं होतं.
शिबिन हो म्हणाला.
जुवेरिया जरा मोठ्यानंच हो म्हणाली.
माझं तोंड हलव्यानं भरलं होतं,
मी नुसतीच मान हलवली,
एकदा, आणि मग उगाच आणखी एकदा.