मुद्देमाल

पंच क्रमांक दोन म्हणून मलेच धरलं,
कारण टेप माझ्याजवळ होता.
"मोज," हवालदार म्हणाला.
नऊ इंच. हिरव्या पट्टीत, आडवा.

फाडणारा रुमदेव कुळमेथे, वय एकोणीस,
आश्रमशाळेच्या ओट्यावर बसून होता
अंगठ्याचं नख खात.
काहून फाडला, कोणी इचारलं नाही.
पंचनाम्यात तो रकाना नव्हता.

नऊ इंच म्हणजे मशीनवर दोन मिनिटं.
दोरा खिशातच होता, हिरवा.
"हात नको लावू बे, पुरावा हाय."
मंग गोणपाट, सुतळी, लाखेचा ठसा,
अन् मालखान्यात
जप्त मोहाच्या कॅनांमधी जागा.

घाटंजीच्या कोर्टात चौथ्या वर्षी गठडी सुटली.
उंदरांनी केशरी खाल्लं होतं,
चक्राचे आरे खाल्ले होते.
लेंड्या झटकून बाबूनं तो टेबलावर पसरला.
कोणी उठून उभं राहिलं नाही.
रुमदेव तेवढा उभा होता,
आरोपी म्हणून.

"हाच का तो?"
हो म्हणलं.
"आरोपीनं फाडलेला भाग दाखवा."
म्या टेप काढला.
कुठून मोजावं, समजेना.